लेकीकडचं विरजण

वेंकूबाईंचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं तेव्हा विनुताला रडू आलं नाही. नुसतं बसावंसं वाटलं. ओल्या चादरींचा गोळा मांडीवर तसाच घेऊन ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली, आणि आता उठून काय करायचं आहे हे काही वेळ तिला आठवेना.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. घरात तिघंच राहत होती: विनुता, तिचा नवरा रमण आणि रमणची आई वेंकूबाई. मुलगी नित्या बेंगळुरूला नोकरी करायची. रमण बँकेत होता आणि विनुता मुलींच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायची. वेंकूबाई पंच्याहत्तरीला आल्या होत्या, तरी चैत्रापर्यंत घरातला स्वयंपाक त्यांच्याच हातचा असे. आंघोळ करून, आदल्या दिवशी उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं नेसून त्या स्वयंपाकघरात शिरत. त्यांचं आटपेपर्यंत दुसऱ्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही. सोवळ्याला त्या शेजारच्या तमिळ बायकांसारखं मडी म्हणत, आणि ते पाळायच्या बाबतीत शेजारणींच्याही दोन पावलं पुढे असत.

चैत्रात दारापुढे कोलमची रांगोळी घालताना त्यांचा तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण जखमेत पू झाला. मग भारी अँटिबायोटिक सुरू झालं, आधी शिरेतून, नंतर गोळ्यांनी. जखम भरून आली. सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्याच आठवड्यात जुलाब लागले.

हे जुलाब नेहमीचे नव्हते. दिवसभर, रात्रभर, पलंगावरून उठायला वेळ मिळू नये असे. सोबत ताप आणि मुरडा. आणि एक वास, जो विनुतानं तोवर फक्त पुस्तकात वाचला होता. तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हे नाव निघालं. डॉक्टर त्याला नुसतं सी-डिफ म्हणत.

विनुता हे वर्गात दरवर्षी शिकवत होती, फळ्यावर आतड्याचं चित्र काढून. माणसाच्या आतड्यात जिवाणूंची दाट वस्ती असते. ते अन्न पचवायला मदत करतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात. त्यामुळे एखादा वाईट जिवाणू आत आला तरी त्याला फैलावता येत नाही. अँटिबायोटिकनं वेंकूबाईंच्या जखमेतले जिवाणू मारले तसे आतड्यातले चांगलेही मारले, आणि त्या ओसाड जागेत सी-डिफ माजला. त्याच्यावर वेगळं औषध होतं. ते चालू असलं की जुलाब थांबत, बंद केलं की थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू होत. तो बीजाणू करून दडून राही, आणि त्याला अडवणारं आत दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

हे सगळं समजत असल्यामुळे विनुताचा थकवा काही कमी होत नव्हता. उलट काम वाढत होतं. हे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी साबण लावून हात घासायचे. फरशी, भांडं, पलंगाची कड, दाराची कडी ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायची. तिच्या बोटांची सालं निघाली होती. कामवाली दुसऱ्या खेपेनंतर आलीच नाही. कॉलेजातली रजा संपत आली होती. रमण संध्याकाळी घरी आला की आईच्या उशाशी बसे, तिचे पाय चेपी, तिला कांजी भरवी, पण चादर बदलायची वेळ आली की "विनू" एवढंच म्हणून बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभा राही. सुरुवातीला विनुताला त्याचा राग येत असे. पुढे रागवायचंही त्राण राहिलं नाही.

"विनुता, मी मेलें तरी चालेल," एकदा वेंकूबाई म्हणाल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची होती आणि तमिळच्या हेलानं वरखाली होई. "पण अशी घाणींत नक्को."

"तुम्ही मरत नाही, अत्तै. कूस बदला." सासूला ती अत्तैच म्हणे, तिच्या तमिळ मैत्रिणी म्हणत तसं. कूस बदलताना म्हातारीच्या कमरेची हाडं तिच्या हाताला लागली. महिन्याभरात अंगावरचं सगळं मांस झडलं होतं.

तिसऱ्या खेपेला पोटाच्या डॉक्टर तमिळरसी यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तमिळमध्ये सरळच विचारलं, "औषध पुन्हा देऊ, आणि पुन्हा हेच होईल. मॅडम, मी काय सुचवणार ते तुम्हाला माहीत आहे, नाही का?"

विनुताला माहीत होतं. रमणला नव्हतं. डॉक्टरांनी त्याला सावकाश समजावलं. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, नीट तपासायची, सलाइनमध्ये कालवून गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीतून आजींच्या मोठ्या आतड्यात सोडायची. त्यातले जिवाणू तिथे रुजले की सी-डिफला जागा मिळत नाही. बहुतेकांना एकदाच करून गुण येतो.

रमण खुर्चीत बाजूला झुकला. मग मराठीत, फक्त बायकोला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला, "माझ्या आईच्या पोटात? जिनं जन्मात कुणाचं उष्टं खाल्लं नाही तिच्या?"

"विरजण लावल्यासारखं आहे ते," विनुता म्हणाली. "दूध नासलंय, विरजण उरलं नाही. कुणाकडून तरी आणायचं."

"मग तिला सांगायचं नाही. औषध आहे म्हणायचं."

त्या दिवशी विनुताच्या अंगात वाद घालण्याइतकी ताकद नव्हती.

पण विरजण मिळेना. रमणला मधुमेह होता आणि नुकतीच त्यानं दाढेसाठी अँटिबायोटिकची गोळी घेतली होती. तो बाद झाला. नित्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी कित्येक महिने अँटिबायोटिक घेत होती, हे आईबापांना पहिल्यांदाच कळलं. तीही बाद. विनुतानं स्वतःची तपासणी करून घेतली. तिच्या पोटात कुठल्याच साध्या औषधाला न जुमानणारा ई-कोलाय निघाला. त्याचा तिला काही त्रास नव्हता, पण तो आजारी म्हातारीला देणं धोक्याचं होतं.

"आजकाल असंच असतं," डॉक्टर म्हणाल्या. "दहा जण तपासले तर एखादा चालतो. दुसरं कुणी आहे?"

दुसरी एक होती. रमणची धाकटी बहीण वसुमती, जवळच्या ओरत्तनाडू गावात दिलेली. दिलेली म्हणणंही बरोबर नव्हतं, तिचं तीच गेली होती. मणी हा तिकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शेतकी शिकताना दोघांची ओळख झाली. त्याची जात वेगळी, घरात मासे शिजत. वेंकूबाईंनी लेकीला दार बंद केलं नव्हतं. वसू आली की त्या तिला ओट्यावर बसवत, बरं आहे ना विचारत, प्यायला पाणी देत. ती गेल्यावर तो पेला राखेनं तीन-तीनदा घासून उन्हात पालथा घालत. एकदा छत्री विसरली म्हणून वसू गल्लीच्या टोकावरून परत आली आणि तिनं ते पाहिलं. त्यानंतर ती माहेरी आली नाही.

विनुतानं मात्र संबंध ठेवला होता. मणीचा ओरत्तनाडूबाहेर जिवाणू खताचा छोटा कारखाना होता, आणि दरवर्षी ती आपल्या मुलींना तो दाखवायला घेऊन जाई. घरी कुणी विचारत नसे, म्हणून ती सांगत नसे.

ती जुन्या बसस्टँडवरून निघाली. आषाढ-श्रावणाचा तमिळ आडी महिना होता. कालवे भरून वाहत होते, शेतांत लावणीच्या बायका वाकलेल्या होत्या. खिडकीतून वारा आला आणि तिचा डोळा लागला. ओरत्तनाडूला कंडक्टरनं खांद्याला हात न लावता, सीटच्या दांडीवर नाणं वाजवून तिला उठवलं. झोपेतून उठल्यावर कुठे आलोय हे कळायला तिला वेळ लागला, आणि कळल्यावर परत झोपावंसं वाटलं.

मणी शेडमध्ये होता. स्टीलच्या टाक्यांमध्ये अझोस्पिरिलम वाढत होतं. हा जिवाणू भाताच्या मुळांशी राहून हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतो. लावणीच्या आधी शेतकरी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवून घेत, म्हणून या दिवसांत मणीला उसंत नसे. बाटल्या भरणं थांबवून त्यानं खुर्ची पुढे केली. विनुतानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, कारण बसली असती तर सांगणं झालं नसतं.

मणीला पटकन समजलं. "आमच्या टाकीत नको तो जिवाणू शिरला," तो तमिळमध्ये म्हणाला, "तर आम्ही सगळं ओतून देतो, टाकी वाफेनं उकळतो आणि नवीन विरजण घालतो. माणसाला उकळता येत नाही, एवढाच फरक." मग त्यानं मागे वळून हाक मारली. वसुमती घरातून ओले हात पदराला पुसत आली.

तिनं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला, पण ते हसू नव्हतं.

"माझ्या हातचं पाणी चालत नाही तिला," ती म्हणाली. "आणि हें चालेल?"

"चालेल की नाही ते माहीत नाही. पण दुसरं कुणी नाही, वसू."

"दादा कां आला नाही?"

"त्याला लाज वाटते."

"आणि तुला?"

"मला झोप येते," विनुता म्हणाली. हे बोलायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि तिचा आवाज मधेच फाटला. "वसू, मला आता दुसरं काहीच वाटत नाही. त्या मरतील याचंही वाईट वाटेनासं झालंय. मला फक्त झोप येते."

वसुमतीनं तिच्याकडे नीट पाहिलं. सोललेली बोटं, मानेला चिकटलेले केस, उलटी नेसलेली साडी. विनुताच्या निऱ्यांवर साडीची उलटी बाजू वर आली होती आणि बसमधल्या एवढ्या माणसांत तिला कुणी ते सांगितलं नव्हतं. वसूनं तिला आत नेलं, साडी सोडायला लावली, नीट नेसवली आणि ताटलीत ताक-भात कालवून पुढे ठेवला.

"मी येतें," ती म्हणाली. "तिच्यासाठी नाही. तुझ्यासाठी. पण एक. तिला सांगायचं. कुणाचं आहे तें नांव घेऊन सांगायचं. चोरून घालणार असाल तर मी देत नाही. चोरून मला पुष्कळ झालं."

घरी आल्यावर विनुतानं रमणला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ती मुद्दाम करते. आई कधी हो म्हणणार नाही."

"मग नाही म्हणतील," विनुता म्हणाली. "विचारायचं मी विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वेंकूबाईंचं अंग पुसलं, पावडर लावली, उशी उंच केली आणि पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. विष्ठा हा शब्द तिनं टाळला नाही. वसूचं नावही टाळलं नाही.

वेंकूबाईंनी डोळे मिटून घेतले. डोळे न उघडता त्या एवढंच बोलल्या, "पोदुम." म्हणजे पुरे. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढचे दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. कांजी घेतली नाही. रमण पलंगापाशी बसून आई, आई करत राहिला, आणि विनुताकडे असा बघू लागला जणू हे दुखणं तिनंच आणलं होतं. तापही चढला. विनुता आपलं काम करत राहिली. चादर, ब्लीचिंग, साबण, परत चादर. तिनं पुन्हा विषय काढला नाही. आग्रह करायचा तर त्यालाही जोर लागतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती फरशी पुसत असताना वेंकूबाईंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "हे तुझे जिवाणू. माणसाच्या पोटांत येतात तरी कुठून?"

विनुता फडकं पिळत म्हणाली, "अन्नातून येतात, मातीतून, हवेतून. आपल्या दह्यात असतात, इडलीच्या पिठात असतात. पण सगळ्यांत पहिले आईकडून येतात. बाळाच्या पोटात जन्माआधी जवळजवळ काही नसतं. बाहेर येताना वाटेत आईचे त्याला लागतात. मग दुधातून, तिच्या अंगावरून, हातावरून."

"हात धुतले तरी?"

"धुतले तरी, अत्तै. अंगावरचे सगळे कधी जात नाहीत. जायलाही नकोत."

बाहेर गल्लीत कुणाची तरी मोपेड सुरू होत नव्हती, तिचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

"वसू इथंच झाली," वेंकूबाई म्हणाल्या. "या खोलींत. सुईण येईपर्यंत झाली देखील. मडी नाही, पाणी नाही, कांही नाही. मी एकटीच होतें. तशीच उचलली नि पोटाशीं धरली." त्यांनी श्वास घेतला. "तिला काय, तें सगळं चालतं कां द्यायला? तिला कांही व्हायचं नाही ना?"

"तिला काही होत नाही."

"सरी, बरं. मग तिला म्हणावं, बाटलींत घालून कुणाच्या हातीं धाडूं नको. यायचं तर स्वतः ये."

वसूच्या तपासण्या त्याआधीच सुरू झाल्या होत्या. म्हातारी नाहीच म्हणाली तर निदान त्यावरून उशीर झाला असं व्हायला नको, असं मणीचं म्हणणं पडलं. रक्त तपासलं, मल तपासला, एक यादी संपली की दुसरी. कावीळ नाही, जंत नाहीत, औषधाला न जुमानणारं काही नाही. डॉक्टर तमिळरसी फोनवर म्हणाल्या, "इतकं स्वच्छ फार दिवसांत पाहिलं नाही. काय खातात त्या?"

"शिळा भात आणि ताक," विनुता म्हणाली. "आणि मासे."

ठरलेल्या दिवशी वेंकूबाईंना सकाळीच हॉस्पिटलात आणलं. आदल्या दिवशी औषध बंद केलं होतं, पोट साफ करायचं पाणी पाजून झालं होतं, आणि त्या इतक्या गळून गेल्या होत्या की स्ट्रेचरवर चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. सगळी तयारी होती. फक्त जे हवं ते आलेलं नव्हतं.

वसुमती आणि मणी पहाटेपासून हॉस्पिटलाच्या आवारात होते. मणीनं तिला दोनदा कॉफी पाजली. ती आवारात फेऱ्या मारत होती. शेवटी ती विनुताजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, होत नाहीये. रोज उठल्याबरोबर होतं. आज सगळं गांव वाट पाहतंय म्हटल्यावर होत नाहीये."

विनुता तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं होतं. ते थांबेना. वसूही हसू लागली. दोघी भिंतीला टेकून, तोंडावर पदर धरून हसत राहिल्या, येणारेजाणारे बघत राहिले, आणि हसता हसता वसूनं एकदम पोटावर हात ठेवला आणि घाईनं आत निघून गेली.

थोड्या वेळानं तिनं झाकणाचा डबा नर्सच्या हाती दिला. नर्सनं तो प्रयोगशाळेत नेला, तिथे तो कालवला गेला, गाळला गेला, आणि मातकट पाण्यानं भरलेल्या मोठ्या सिरिंजा ट्रेमध्ये मांडून आल्या. विनुतानं त्यांच्याकडे पाहिलं. नदीच्या गढूळ पाण्यासारखं काहीतरी. वर्गात ती याचे आकडे सांगायची, चिमूटभरात किती कोटी जीव असतात ते. आज तिला एकही आकडा आठवला नाही.

वेंकूबाईंना आत नेण्याआधी वसू स्ट्रेचरपाशी गेली. आई आणि मुलगी इतक्या वर्षांनी समोरासमोर आल्या होत्या. रमण मागे सरकून उभा राहिला.

"आलीस," वेंकूबाई म्हणाल्या.

"आलें."

"रोडावलीस."

"तूं बघ तुझ्याकडे," वसू म्हणाली.

वेंकूबाईंनी चादरीतून हात बाहेर काढला, पण तो उचलून धरायला त्यांना जमेना, तो स्ट्रेचरच्या दांडीवर पडून राहिला. वसूनं त्याला हात लावला नाही. पण ती दूरही झाली नाही. आपला हात त्याच दांडीवर, थोडं अंतर ठेवून, तिनं टेकवला. मग दार उघडलं आणि स्ट्रेचर आत गेलं.

सगळं अर्ध्या तासात संपलं. कुणालाच काही वाटलं नाही. चमत्कार झाल्यासारखं काही दिसलं नाही. वेंकूबाई गुंगीत होत्या, त्यांना घरी आणलं. विनुतानं सवयीनं ब्लीचिंगचं पाणी करून ठेवलं आणि पलंगाजवळ चटई टाकली. रात्री ती दचकून दचकून उठत राहिली, पण हाक आली नाही. पहाटे तिनं चादर चाचपली. कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी थोडंसं झालं. मग दोन दिवस काही नाही. मग साधं, माणसाला होतं तसं. ताप उतरला. आठवड्याभरानं वेंकूबाईंनी सारु-भात मागितला आणि दोन घास खाऊन थाळी सरकवली. महिना उलटला तरी जुलाब परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, अजून एक महिना बघू, पण रुजलंय असं वाटतं.

रुजलं, तरी वेंकूबाई वेंकूबाईच राहिल्या. वसू आता आठवड्यातून एकदा येऊ लागली, विनुताला मदत म्हणून. आई तिच्याशी बोलत असे, पण परक्या पाहुण्याशी बोलावं तसं. वसूही काम करून जाई. कुणी कुणाची क्षमा मागितली नाही.

एके दिवशी समोरच्या घरातल्या सरस्वती अक्का समाचाराला आल्या. वेंकूबाई आता टेकून बसू शकत होत्या. वसू आत भाजी चिरत होती, विनुता कॉफी गाळत होती.

"इतकी वाईट अवस्था होती," अक्का म्हणाल्या. "कशानं बरं वाटलं शेवटी?"

"डॉक्टरनी एक औषध घातलं," वेंकूबाई म्हणाल्या. "नवीन आहे म्हणे."

आत सुरीचा आवाज थांबला. विनुतानं वळून पाहिलं. वसूनं चिरलेली भाजी ताटात ओढली, हात धुतले आणि भिंतीवरच्या खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली. चेहऱ्यावर राग नव्हता. हे असंच होणार हे ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. ती मागच्या दाराकडे वळली.

विनुता कॉफीचा पेला हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आली. "अत्तै," एवढंच ती म्हणाली. पुढे तिला काही म्हणता आलं नाही, म्हणायचंही नव्हतं. ती उभी राहिली, कॉफी हातात घेऊन.

वेंकूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"औषध नव्हे," त्या सरस्वती अक्कांना म्हणाल्या, गरजेपेक्षा मोठ्यानं. "वसूनं दिलं. पोटातलं काढून दिलं आपल्या. तिचा मळ होता. तो माझ्या पोटांत घातला, म्हणून मी आहें."

सरस्वती अक्कांनी कॉफी घेण्यासाठी पुढे केलेला हात हवेतच थांबला. कुठे बघावं हे त्यांना कळेना. थोडा वेळ त्या पंख्याकडे बघत बसल्या आणि मग घरी दूध ठेवलंय म्हणून उठल्या. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार हे वेंकूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"वसू," त्यांनी हाक मारली. "गेलीस कां?"

मागच्या दाराची कडी वाजली होती, पण पावलं पुढे गेली नव्हती.

"नाही," आतून आवाज आला.

"मग त्या भाजीला नारळ घालूं नको. तुला हात आवरत नाही नारळाला."

"तूं नीज. मी घालीन तेवढा घालीन."

"माझ्या घरांत?"

"रांधतें कोण?"

विनुतानं ती कॉफी स्वतःच उभ्या उभ्या पिऊन टाकली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि पंखा लावून फरशीवरच आडवी झाली. बाहेर दोघींचं चाललं होतं. नारळावरून मिठावर, मिठावरून मोहरीवर, आवाज चढत होते. एकदा वसू काहीतरी फार तिखट बोलली, आणि एकदा म्हातारीचा आवाज रडवेला झाला. उठून मधे पडावं असा विचार विनुताच्या मनात आला. मग तो विचारही सैल होऊन सुटला, फरशी पाठीला गार लागली, आणि त्या भांडणाच्या आवाजातच तिला गाढ झोप लागली.